कासवाला नमस्कार

वणीत राहणाऱ्याला 'आभासी' म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. देवी साऱ्या महाराष्ट्रात 'वणीची देवी', पण राहते सप्तशृंगी गडावर. गड कळवण तालुक्यात, आम्ही दिंडोरी तालुक्यात. नवरात्रात पहिल्यांदाच आलेला माणूस एसटीतून उतरतो, पिशवीतला खण-नारळ सावरतो, चारी दिशांना बघतो आणि विचारतो, "देऊळ कुठंशी आलं?" आपण सांगायचं, "अजून वीस-पंचवीस किलोमीटर. नांदुरीवरून वर." त्यावर तो असा बघतो, जणू देवी आपणच रातोरात हलवली. गावात जगदंबेचं देऊळ आहे, तिथं दर्शन घ्या म्हटलं तर घेतोही बिचारा, पण 'मेन कुठंय' हा प्रश्न काही त्याच्या चेहऱ्यावरून जात नाही. पत्ता एकीकडचा, वस्ती दुसरीकडची. भाच्याने 'व्हर्च्युअल मशीन' समजावून सांगायला घेतलं, तेव्हा म्हणूनच मी त्याला मध्येच थांबवलं. "कळलं," म्हटलं, "आमच्या गावासारखं."

कळलं नव्हतं.

मी पत्रिका करतो. पेठेतला गाळा सोडला तेव्हापासून संगणक घरात आला आहे. मधल्या खोलीत, देव्हारा आणि कांद्याच्या गोण्या यांच्यामध्ये त्याला जागा मिळाली. वीस-बावीस वर्षांचं काम त्याच्या पोटात आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, हरिनाम सप्ताहाची पत्रकं, द्राक्षाच्या पेट्यांची लेबलं. सगळं पेजमेकरमध्ये. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ साली आली आणि पुढे त्या घराण्याला दिवा लागला नाही. त्यात माझे फॉन्ट युनिकोड आमच्यापर्यंत पोचायच्या आधीचे. त्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी 'क' हा 'क' नसतोच. कुठल्या तरी रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या घरात 'क'चं चित्र नेऊन बसवलेलं असतं. फॉन्ट जागेवर असेल तोवर मराठी, फॉन्ट गेला की टोप्या घातलेली रोमन अक्षरं, डॉलर आणि उद्गारचिन्हं. एकदा नवरीच्या आडनावात पौंडाचं चिन्ह निघालं होतं. नवऱ्याकडची मंडळी खूश झाली, पण छापायचं कसं?

हे फॉन्ट आणि ते पेजमेकर नांदतात विंडोज एक्सपीत. आणि माझा एक्सपीचा जुना संगणक गेल्या वळवाच्या पावसात विजेच्या एका कडकडाटासरशी गेला. तेव्हा भाचा हिंजवडीहून दोन दिवस आला आणि त्याने घरच्या दुसऱ्या संगणकात, म्हणजे विंडोज ११मध्ये, व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्याच्या आत एक्सपी बसवला. संगणकाच्या आत संगणक. आतल्याला वाटतं, आपण स्वतंत्र आहोत, आपली स्वतःची हार्ड डिस्क आहे, स्वतःचा पडदा आहे. प्रत्यक्षात त्याची हार्ड डिस्क म्हणजे बाहेरच्याच्या डिस्कवरची एक जाडजूड फाइल.

आईने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे याच्या अंगात येतं."

याहून चांगली व्याख्या मी अजून ऐकलेली नाही. यात्रेत एखादी बाई घुमायला लागते. हातपाय तिचेच, आवाजही तिचाच, पण बोलणारी दुसरीच कुणी असते. आमच्या संगणकाचंही तेच. अंग अकराचं, बोलतो एक्सपी. फरक इतकाच, की देवी अंगात यायला अकरा मिनिटं लावत नाही.

अकरा मिनिटं ही घड्याळ लावून मोजलेली. प्रसंग लग्नसराईचा. द्राक्षाचा हंगाम उरकून मोकळे झालेले एक बागायतदार, त्यांना आपण अण्णा म्हणू, धाकट्याच्या पत्रिकेसाठी समोर येऊन बसले. "२००९ला थोरल्याची तुमच्याकडूनच केली होती. तश्शीच पाहिजे. कागद बदलला तर चालंल, डिझाइन तेच." मी मोठ्या ऐटीत एक्सपीवर क्लिक केलं.

एक्सपी सुरू होताना काळ्या पडद्यावर तीन निळे ठोकळे डावीकडून उजवीकडे पळतात, हे ज्यांना आठवतं त्यांना ते पळतात एवढंच आठवत असेल. माझे चालत होते. एक ठोकळा निघायचा, मध्येच थबकायचा, मागच्यांची वाट बघायचा. सप्ताहाच्या दिंडीतही माणसं याहून लगबगीने चालतात. अण्णांचा चहा झाला, दुसरा झाला, मग कुठे पडद्यावर ती हिरवी टेकडी उगवली. वर निळं आभाळ, कापसासारखे ढग.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी अण्णांना सांगितलं, की ही टेकडी खरीखुरी आहे. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागातली. चार्ल्स ओरिअर नावाच्या फोटोग्राफरने १९९६ साली जाता जाता टिपलेली. तिथे आधी द्राक्षबाग होती, फायलॉक्सेराने वेली गेल्या म्हणून उपटून टाकल्या आणि रान मोकळं पडलं, तेव्हाचं हे गवत आहे.

इतका वेळ मोबाइलमध्ये असलेले अण्णा पुढे सरकले. "फायलॉक्सेरा म्हणजे मुळावरची कीड ना? मग रूटस्टॉक कोणता होता त्यांचा?"

टेकडीच्या खाली रूटस्टॉक असू शकतो हे जगातल्या कोट्यवधी एक्सपीवाल्यांपैकी किती जणांच्या डोक्यात आलं असेल, देवी जाणे. मी म्हटलं, पुढे तिथं परत बाग लावली. अण्णांना बरं वाटलं. तेवढ्यात मी पेजमेकर उघडलं आणि टेकडी जागच्या जागी थिजली. माऊसचा बाण आत गेला तो बाहेरच येईना. आतल्या पाहुण्यासाठीच्या जोडसुविधा (गेस्ट अ‍ॅडिशन्स) घातलेल्या नसल्या की आत शिरलेला माऊस सोडवायला उजव्या बाजूचा कंट्रोल दाबावा लागतो. माझ्या कीबोर्डवरची बाकीची अक्षरं पुसून गुळगुळीत झालीत, पण उजवा कंट्रोल कोरा करकरीत. आयुष्यात कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी अण्णा हात जोडून "उद्या येतो" म्हणून गेले.

वणीत एमबीबीएस डॉक्टर मोजून काढता येतील, पण संगणकाचा वैद्य घरटी एक आहे. रिचार्जच्या दुकानातला पोरगा म्हणाला, डीफ्रॅग मारा. रात्रभर मारलं, सकाळी अकराची साडेदहा झाली. दूध संकलन केंद्रावर संगणक चालवणारे एक गृहस्थ मुद्दाम घरी आले आणि खुर्ची माझ्याकडून काढून घेऊन बसले. "रॅम द्या हो त्याला, रॅम! उपाशी ठेवलंय तुम्ही." संगणकात एकूण आठ जीबी. भाच्याने एक्सपीला एक दिलेला. यांनी माऊसने सरकपट्टी धरली आणि उसाच्या गाडीला रेटा द्यावा तशी रेटत सहावर नेली. त्या पट्टीखाली एक रंगीत रेघ असते, आधी हिरवी, मग लाल. आम्ही लालमध्ये पार आत होतो. मी बोट दाखवलं, तर म्हणाले, "लाल म्हणजे पावर." मग प्रोसेसरचे कोअर. भाच्याने एक ठेवला होता. देवीला अठरा हात, माझ्या प्रोसेसरला चार. ते चारही त्यांनी एक्सपीला बहाल केले. जाताना चहाला नाही म्हणाले, कारण उपकाराचे पैसे ते घेत नाहीत.

दुसऱ्या दिवशी टेकडी एकोणीस मिनिटांनी उगवली.

मग मी कॅबिनेट उघडलं. हे काम दर माणसाने आपापल्या जबाबदारीवर करावं, कारण आत काय निघेल सांगता येत नाही. दसऱ्याला आमच्याकडे संगणकाची पूजा होते, शस्त्र म्हणून. हळदकुंकू, आपट्याचं पान आणि झेंडूचा हार. हार घालायला कॅबिनेटला गळा नसतो, म्हणून तो जाळीवर अडकवतात, आणि जाळी नेमकी पंख्याची. सहा दसऱ्यांचे झेंडू त्या पंख्याने ओढून आत घेतले होते. पाकळ्या सुकून केशरासारख्या झालेल्या, त्यांच्यावर धुळीची गोधडी, आणि प्रोसेसरच्या बुडाशी अक्षता. प्रोसेसर तापला की जीव वाचवायला स्वतःच आपला वेग कमी करतो, हे मला माहीत होतं. तो अक्षता पडल्यावर बोहल्यावरच्या नवरदेवासारखा अवघडूनही बसत असेल, हे नवीन कळलं. ब्रश मारला, फुंकलं, शिंका दिल्या. वेळ सतरा मिनिटांवर आली. म्हणजे दोन मिनिटं झेंडूची होती.

अण्णा तिसऱ्यांदा आले तेव्हा मी पडद्यावर टास्क मॅनेजर उघडून बसलो होतो. मेमरी ९७ टक्के, डिस्क १०० टक्के, आणि सीपीयू मात्र २० टक्क्यांवर निवांत. "हे काय चालून ऱ्हायलंय?" त्यांनी विचारलं. मी त्यांना थोडक्यात समजावलं, हा बाहेरचा, हा आतला, आतल्याला सहा दिलं, बाहेरच्याला दोन उरलं. अण्णा क्षणभर बघत राहिले.

"म्हणजे कलम आहे. खाली डॉगरिज, वर थॉमसन."

"तसंच म्हणा."

"मग खोडालाच पाणी ठेवलं नाही तुम्ही. वरच्या काडीला कितीबी पाजा, ती पिणार कशातून?"

एवढ्या साध्या वाक्यात निदान झालं. विंडोज ११ला दोन जीबीत संसार करायला लावल्यावर तो सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवायला लागला होता आणि लागेल तसं परत आणत होता. माझी डिस्क जुन्या पद्धतीची, गरगर फिरणाऱ्या तबकडीची. मेमरीतून वस्तू मिळायला जितका वेळ लागतो त्याच्या साधारण लाखपट वेळ तबकडीवरून मिळायला लागतो. ओट्यावरचा मिठाचा डबा उचलायला एक सेकंद लागत असेल, तर या हिशोबाने मीठ हातात पडायला अख्खा दिवस उलटून वर चार तास जातात. प्रोसेसर २० टक्क्यांवर निवांत नव्हता, मिठाची वाट बघत बसला होता.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्या एक्सपीची भूक किती? २००१ साली तो बाजारात आला तेव्हा त्याला १२८ एमबी म्हणजे पोटभर. शिवाय तो ३२ बिटांचा. चार जीबीच्या पलीकडचं त्याला दिसतच नाही. मी वाढले होते सहा. वरचे दोन ताटात तसेच पडलेले, पण ताट त्याच्या नावाचं, म्हणून दुसऱ्या कुणाला वाढताही येत नाहीत. जावयाला आग्रह करावा आणि स्वयंपाकघरात घरच्यांनी पाणी पिऊन झोपावं, असला प्रकार.

तसं एकाच्या जिवावर अनेकांना जेवू घालायची ही कल्पना जुनी आहे. १९७२ साली आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केलं. एक अवाढव्य संगणक, त्याच्या आत अनेक आभासी संगणक, आणि प्रत्येक वापरणाऱ्याला वाटावं की अख्खं यंत्र आपलंच. बहात्तर म्हटलं की आपल्याकडे कुणाला संगणक आठवत नाही. दुष्काळ आठवतो, सुकडी आठवते, अमेरिकेतून आलेली लाल मिलो आठवते. त्याच साली तिकडे ते संगणक रेशनवर वाटत होते. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "त्यांची तरी भाकरी होत होती का?" मिलोची भाकरी थापताना तुटायची, हे दुःख तिच्या मनातून अजून गेलेलं नाही.

मी एक्सपीला पाचशे बारा एमबीवर आणलं, कोअर एक ठेवला. सतराची सहा मिनिटं झाली. सहा मिनिटंही पुष्कळ होती, पण मला आता चव लागली होती. भाच्याला फोन लावला.

"मामा, एक्सपी चालू करा. खिडकीच्या खाली उजव्या कोपऱ्यात बारीक चिन्हांची रांग आहे. त्यात एक चिप दिसते का, 'व्ही' लिहिलेली?"

"'व्ही' नाही. कासव आहे."

पलीकडे शांतता.

"कधीपासून आहे?"

आता खरं सांगायला हरकत नाही. दिवाळी झाली त्याच्या थोडं आधीपासून ते कासव तिथे होतं, आणि मी त्याला शुभ समजत होतो. देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत कासव बसवलेलं असतं. आधी त्याला नमस्कार, मग देवाला. मला वाटलं, करणाऱ्याने विचार करूनच घातलं असणार. एक्सपीच्या दारात कासव, मग आत पेजमेकर. मी रोज सकाळी काम सुरू करताना त्याला हात जोडत होतो. आईने तर एकदा पडद्याच्या त्या कोपऱ्याला कुंकू लावलं होतं. ते पुसलं, पण डाग अजून आहे.

भाचा बराच वेळ हसला. मग त्याने जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपल्या गडावर २०१८ साली फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. त्याआधी पायऱ्या, दुसरा उपाय नव्हता. संगणकाचंही तसंच झालं. १९९९ साली व्हीएमवेअरने घरगुती संगणकावर आभासी यंत्र चालवून दाखवलं तेव्हा सगळा चढ सॉफ्टवेअरच्या पायांनी चढावा लागत होता. आतल्याची प्रत्येक नाजूक आज्ञा मध्येच अडवायची, तपासायची, बदलून पुढे पाठवायची. मग २००५ मध्ये इंटेलने आणि पुढच्या वर्षी एएमडीने प्रोसेसरमध्येच त्यासाठी सोय बांधली. ती ट्रॉली. 'व्ही' दिसतो याचा अर्थ एक्सपी ट्रॉलीत बसून वर चाललाय. कासव दिसतं, तेव्हा ट्रॉलीची चावी विंडोजच्या स्वतःच्या आभासी यंत्रणेने, म्हणजे हायपर-व्हीने, आधीच खिशात घातलेली असते, आणि व्हर्च्युअलबॉक्सला पावलोपावली तिची परवानगी काढत जावं लागतं.

"पण चावी तिला दिली कुणी?" मी विचारलं.

"तुम्हीच. सिक्युरिटीमध्ये जाऊन 'मेमरी इंटिग्रिटी' चालू केलंय का काही?"

केलं होतं. दिवाळीच्या आधी, बँक खात्यांच्या फसवणुकीचा एक व्हिडिओ बघून घाबरलो आणि सुरक्षेच्या पानावर जेवढी बटणं बंद दिसली तेवढी चालू केली. त्यातल्या एकाने हायपर-व्हीला झोपेतून उठवलं. दोष द्यायला मी गेले कित्येक दिवस एखादी कंपनी शोधत होतो, निघालो मीच.

भाच्याने ते बंद करवलं, पण फुकट नाही. कुठल्याही लिंकवर बोट ठेवणार नाही, असं मामाकडून वदवून घेतलं. एक्सपीची इंटरनेटची तार सेटिंगमधून काढायला लावली. त्याला ८ एप्रिल २०१४पासून कुणी वाली नाही, तो गावात मोकळा फिरता कामा नये. मग पाहुण्याच्या जोडसुविधा घातल्या. माऊस आत-बाहेर करायला लागला, उजवा कंट्रोल परत निवृत्त झाला.

"आता स्नॅपशॉट किती आहेत बघा."

स्नॅपशॉट म्हणजे यंत्राची त्या क्षणाची प्रत राखून ठेवणं. भाच्याने शिकवलं होतं, काही मोठं करण्याआधी एक घ्या. मी रोज संध्याकाळी दिवा लावला की एक घेत होतो. एकशे सव्वीस. प्रत्येक स्नॅपशॉट घेतला की पुढचे बदल नव्या फाइलीत साठतात, आणि काही वाचायचं झालं तर यंत्राला वरच्या थरापासून खालच्या थरापर्यंत शोधत जावं लागतं. २०२२ साली गडावर देवीच्या मूर्तीवरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर उतरवला आणि आतून मूळ रूप प्रकटलं तेव्हा आम्ही सगळे डोळे भरून बघत राहिलो होतो. मी एकेक थर उतरवत बसलो तेव्हा बघायला कुणी नव्हतं. थर खालच्यात मिसळायलाच रात्रीचे अडीच वाजले. सकाळी क्लिक केलं. तीन निळे ठोकळे एकदा पळाले, दुसऱ्यांदा पळता पळता टेकडी आली. अडतीस सेकंद. खाली कोपऱ्यात 'व्ही'. मी सवयीने हात जोडले आणि मग खाली घेतले.

अण्णांना फोन केला. ते या खेपेला एकटे आले नाहीत. दोन चुलतभाऊ आणि एक भाऊजी बरोबर. २००९ची फाइल उघडली. वर 'सप्तशृंगी माता प्रसन्न', खाली तीच नक्षी, तेच गणपती, एकही पौंड नाही. अण्णा खुर्ची ओढून जवळ बसले.

"हेच. आता फक्त नावं बदला."

निमंत्रकांची यादी चौतीस नावांची. पहिल्याच नावाशी अण्णांचं बोट थांबलं. "आबांच्या पुढं 'कै.' टाका." मग तिसऱ्याच्या पुढे. मग सहाव्या-सातव्याच्या. कैलासवासी झालेले वर फोटोखाली न्यायचे, तर खालची नावं वर सरकणार. मधला चुलतभाऊ म्हणाला, सरकवताना वयाने सरकवा. भाऊजी म्हणाले, वयाने कसं, मानाने. २००९ साली बोलचाल असलेल्या एका घराशी आता बांधाचा दावा चालू होता; त्यांचं नाव घ्यायचं की नाही, यावर पिंपळगावला फोन लागला. तिकडून दुसरा फोन सुरगाण्याला. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी तेव्हाची बालगोपाळ मंडळी आता स्वतःच लग्नाला आलेली, त्यांना काढून नवीन घालायची, तर नव्यांपैकी एकीचं पाळण्यातलं नाव कुणालाच आठवेना.

कर्सर 'आपले नम्र'च्या पुढे लुकलुकत होता. थोड्या वेळाने एक्सपीने कंटाळून स्क्रीनसेव्हर लावला.

दुपारी अडीचला भाच्याचा फोन आला. "काय मामा, स्पीड कसाय आता?"

"झकास. थोरल्या आत्याचं नाव मामांच्या वर घ्यायचं का खाली, एवढंच अडलंय."

"आणि कासव गेलं ना?"

मी खुर्च्यांकडे बघितलं. "चार आहेत," म्हटलं. "चहा पिऊन ऱ्हायलेत."